भोकं नसलेली चाळण

बाबांचा पहिला प्रश्न: भोकं कुठायत?

साठ वर्षं चाळण्या केल्या त्यांनी रिब्नित्साच्या खोऱ्यात.
वाफेवर वाकवलेलं बीचचं कडं,
त्यात हेझलच्या पातळ पट्ट्यांची जाळी,
गव्हाची वेगळी, घेवड्याची वेगळी, वाळूची वेगळी.
जगात जे काही निवडलं जातं
ते भोकातूनच, असा त्यांचा हिशेब.

हिला भोकं नसतात, मी म्हटलं.
"काय?"
मोठ्यानं म्हटलं.
ते हसले, मग खोकले,
मग बराच वेळ नुसतेच खोकले.

त्या खोकल्यासाठीच तर चाललं होतं.
मास्क म्हणजे घोड्याचा तोबरा, म्हणतात.
डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं
लाकडाचं पीठ छातीत कुठं कुठं बसलंय;
हे फोटो उजेडाकडे धरून म्हणाले,
रेषा तरी सरळ आहेत.

रस्तेखात्यातल्या बोझिदारनं नारिंगी शंकू दिला.
कुठला, ते मी विचारलं नाही.
शाळेजवळच्या वळणावर एक कमी झालाय
हे तोही बोलला नाही.
उलटा धरला, टोक कापून खाली.
वर प्लायवूडची तबकडी, तिच्या मधोमध एक नळी
व्हॅक्यूमकडे जाणारी,
आणि कडेनं दुसरी, तिरकी,
रात्री उशिरा आलेलं पोर शिरतं तशी
भिंतीला घासून आत.
सांध्यांना सिलिकॉन. बोटांनाही.
खाली कोबी आंबवायची निळी बादली,
झाकणावर आईच्या अक्षरात: २००९.

बटण दाबलं.
बादलीनं श्वास आत घेतला
आणि घेतच राहिली.
गाल बसले, पोट पाठीला लागलं,
धप्प.
बाबांना रंधा खाली ठेवावा लागला हसताना.
"हिलाही दमा," म्हणाले.
मी आईचं झाकण पुसून फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच मधाचं पत्र्याचं पिंप घेऊन आले,
माश्या पाळणाऱ्या श्तेफ्काकडून, आत अजून चिकट.
हे टिकलं.
वारा भिंत धरून गरगरला,
जड होतं ते कडेला आपटत खाली घसरलं,
हलकं मधल्या नळीनं वर.
पाखडणंच की हे,
फक्त सूप नाही, खळं नाही,
नाकाला पदर लावून उभी कुणी बाई नाही.
पिंपात ढलप्या, भुसा, एक पेन्सिल.
बाबांनी मूठभर उचलून नाकाशी नेला
(नको ना, म्हणेपर्यंत)
आणि म्हणाले, मेपल. थोडा अक्रोड.

सगळं पकडतं असं नाही.
सगळ्यात बारीक ते अजूनही निसटतं,
त्याच्यासाठी फिल्टर आहे,
आणि ज्याला फिल्टरही नको त्याच्यासाठी खिडकी.

नोव्हेंबरात त्यांचं कानातलं यंत्र हरवलं.
अंथरूण झटकलं, कोंबड्यांचं खुराडं पाहिलं,
ते सगळ्यांवर ओरडले, कुणाचं काही ऐकलं नाही,
ऐकू येत नव्हतंच.
संध्याकाळी मी कारखान्यातला दिवा घालवला
तर अंधारात बारीक शिट्टी.
चिमणीत वारा? उंदीर?
पिंपातून.
कोपरापर्यंत हात घातला,
तीन आठवड्यांच्या भुशात ते एकटं
किंचाळत पडलं होतं.

फुंकर मारून त्यांनी ते कानात बसवलं.
"पिशवीत कसं नाही गेलं?"
जड होतं.
"आणि भोकं?"
नाहीत, बाबा.
या खेपेला काय म्हणून विचारलं नाही.

सकाळी पाहिलं तर शंकू पिंपाला मिळतो तिथं
बीचचं नवं कडं,
हेझलच्या पट्टीनं टाके घालून आवळलेलं,
आणि जोडावर त्यांचा जळका शिक्का,
जो ते फक्त विकायच्या चाळणीवर मारतात.
तिथून थोडी हवा गळते.
सिलिकॉनची नळी माझ्या एप्रनच्या खिशात आहे,
अजून काढलेली नाही.